मारायची नव्हती तर आत कशाला आलात?

हे प्रकरण फेब्रुवारीतल्या एका रविवारचं. साखरपट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव, २२ किलोमीटरचा लूप तीनदा मारायचा, एकूण ६६ किलोमीटर. रेस हौशी लोकांची. खुला गट आणि चाळिशीपुढचा गट एकत्रच सोडले होते. खुल्या गटाच्या पाठीवर पांढरा नंबर, चाळिशीवाल्यांच्या पाठीवर पिवळा. दोन्ही गटांत पहिल्या तिघांना बक्षीस. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते दातांचे डॉक्टर आहेत, वय ४२. नाव घालायचं नाही या अटीवर त्यांनी लिहू दिलं. आमच्या दुकानात त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतात, इथंही तेच.

दुकान म्हणजे माझं सायकल दुरुस्तीचं. तरुणपणी मीही रेसा मारल्या. लोखंडी फ्रेम, पायाला पट्टे, गिअर बदलायचा तर हँडलवरचा हात काढून खाली दांडीवर न्यायचा. आता रविवारी पंप आणि दोन जादा चाकं घेऊन पोरांबरोबर जातो आणि शेवटच्या रेषेपाशी उभा राहतो. त्या दिवशी रेषेच्या पुढे, डाव्या बाजूला उभा राहून मी मोबाइलवर शेवट चित्रित केला. १९ सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यानंतर तो आम्ही किती वेळा पाहिला असेल कोण जाणे.

सकाळी सहाला, अंधारातच, डॉक्टर टायरमध्ये हवा भरताना म्हणाले, "काका, आज स्प्रिंट नाही. घरी शब्द दिलाय."

मी म्हटलं, "बरं."

स्प्रिंट म्हणजे रेषेआधीच्या शेवटच्या काही शे मीटरमध्ये जीव तोडून मारलेली धाव. ती मारायची नाही हा शब्द का दिला होता ते सांगायला हवं. नोव्हेंबरात त्यांच्याच सोबत सायकल चालवणारा एक मित्र अशाच एका शेवटात पडला. फार काही नाही, मनगटातलं एक छोटं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तो संगणकावर काम करणारा, एका हाताने टाइप करत त्याने दिवस काढले. दातांच्या डॉक्टरचं तसं नसतं. एका हातात आरसा, एका हातात ड्रिल; दोन्ही हात धड नसतील तर दवाखान्याला कुलूप. दवाखान्याचं भाडं, दोन मदतनीस मुलींचे पगार, खुर्चीचा हप्ता, हे काही प्लास्टर निघेपर्यंत थांबत नाही. शिवाय सोमवारी सकाळी त्यांच्याकडे एका पेशंटचं इम्प्लांटचं काम ठरलेलं होतं. तेव्हा 'आज स्प्रिंट नाही' हे बोलणं भित्रेपणाचं मुळीच नव्हतं. शहाणपणाचंच होतं. माझं चुकलं ते असं, की 'स्प्रिंट नाही म्हणजे नेमकं काय करणार?' हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. 'बरं' म्हटलं आणि पंप उचलून पुढच्या सायकलीकडे वळलो.

रस्ता

शेवटचा रस्ता आदल्या संध्याकाळी मी चालून पाहिला होता. कारखान्याकडून येणाऱ्या रस्त्यावरून डावीकडे काटकोनात वळायचं आणि मग ९०० मीटर सरळ. रस्ता दुपदरी, डांबराची रुंदी ७ मीटर. पण वाहतूक पूर्ण बंद नव्हती, मधोमध प्लॅस्टिकचे कोन लावून अर्धाच रस्ता रेसला दिलेला. म्हणजे साडेतीन मीटर. डावीकडची साइडपट्टी खचलेली, डांबराच्या कडेपासून चार बोटं खाली. गाळपाचा हंगाम असल्याने वळणावर उसाचं पाचट आणि ट्रॉलीतून पडलेली कांडकी. आयोजकांनी झाडून घेतलं होतं, पण रात्रभर ट्रॉल्या चालूच होत्या. सकाळी आठनंतर वारा डावीकडून, पश्चिमेचा.

आता याचा अर्थ लावू. रोड बाइकचं हँडल साधारण ४२ सेंटिमीटर, त्यात बाहेर आलेली कोपरं आणि सायकल डावी-उजवी झुलवायला लागणारी जागा धरली तर स्प्रिंटमध्ये एका माणसाला पाऊण मीटर तरी हवं. साडेतीन मीटरमध्ये खचलेल्या कडेपासूनची सुरक्षित जागा सोडली की चार जण शेजारी शेजारी मावतात. वारा डावीकडून, म्हणून दुसऱ्याच्या अंगाचा आडोसा उजवीकडे. सगळा बंच, म्हणजे एकत्र चालणारा घोळका, आपोआप कोनांच्या बाजूला दाटणार आणि डावी कड रिकामी राहणार. हे सगळं आदल्या संध्याकाळी कळण्यासारखं होतं. मला कळलंही होतं. पण डॉक्टर स्प्रिंट मारणारच नव्हते, मग त्यांना कशाला सांगा?

आमच्या वेळच्या मुंबई-पुणे शर्यतीत ही अडचण कमी असायची. बोरघाटच माणसं चाळून काढायचा. 'घाटाचा राजा' कोण ते खंडाळ्याला ठरायचं आणि पुढे पुण्यापर्यंत एका झुंडीत येणारे थोडेच उरायचे. सपाट लूपच्या रेसमध्ये चाळण नसते. ६६ किलोमीटर कोणीही कोणाच्या मागे बसून येऊ शकतो, आणि मग शेवटच्या एका किलोमीटरमध्ये सगळ्यांनाच आपण जिंकू शकतो असं वाटतं.

रेस

मधल्या रेसबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. दुसऱ्या लूपमध्ये पांढऱ्या नंबरांची तीन पोरं निसटली आणि पुन्हा सापडली नाहीत. मागे ४० जणांचा बंच होता, तो गळत गळत शेवटच्या लूपला २४ वर आला. त्यात पिवळे नंबर सात. शेवटच्या पाच किलोमीटरच्या आसपास शाळेजवळ लागोपाठ दोन स्पीडब्रेकर आहेत. तिथे प्रत्येक लूपला बंच लांबायचा आणि मागच्यांना पुन्हा पळून भरपाई करावी लागायची. तिसऱ्या वेळी दोन पिवळे तिथेच सुटले. उरले पाच.

हा आकडा लक्षात ठेवा. पाच पिवळे, बक्षिसं तीन. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "दहा-बारा असतील असं वाटलं." बंचमध्ये बसलेल्याला पुढच्या दोन-तीन पाठी दिसतात, बाकी खांदे आणि हेल्मेटं. मागे कोण आहे ते वळून मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ते मोजायची जागा म्हणजे निवांत चालणारा पट्टा, शेवटचा किलोमीटर नव्हे.

शेवटचे तीन किलोमीटर

तीन किलोमीटर उरले असताना बंच अचानक मंदावला. हे दर वेळी होतं. पुढे राहून वारा कापायचा कोणालाच नसतो, सगळे एकमेकांकडे बघतात, वेग ताशी ४२ वरून ३५ वर येतो. अशा वेळी मागचे काही न करता पुढे सरकतात. डॉक्टर पंधराव्या जागेवर होते. पेडल न मारता, नुसते वाहत, सहाव्या जागेवर आले. त्यांनी पुढे येण्यासाठी काडीचंही काम केलं नव्हतं. आणि इथेच मन फिरलं. ते त्यांच्या शब्दांत असं: "काका, लॉटरीचं तिकीट न काढता नंबर लागल्यासारखं झालं. म्हटलं, आलोच आहे तर बघू."

'बघू' म्हणजे मारायची हेही ठरलं नाही आणि सोडायची हेही.

वळण त्यांनी चांगलं घेतलं. पाचट टाळून बाहेरून आत, सातव्या जागेवर. सरळ रस्त्याला लागताना ते दुसऱ्या रांगेत, कोनांपासून दुसरे. म्हणजे आडोशाला, पण कोंडलेले: उजवीकडे एक जण, डावीकडे एक जण, पुढे भिंत, मागे पाच-सहा रांगा.

४०० मीटरवर डाव्या कडेने एका पोराने उडी घेतली. पुढची रांग सुटली, डॉक्टरांच्या पुढच्याने त्याच्यामागे झेप घेतली आणि डॉक्टरांनी त्याचं चाक पकडलं, म्हणजे त्याच्या आडोशाला अगदी मागे लागले. हात खाली ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर, बूड वर. सायकलवरचा संगणक नंतर सांगतो: ११ सेकंद, सरासरी ६१२ वॉट, वेग ५१, हृदयाचे ठोके १८१. त्यांचा कमाल आकडा १८४ आहे.

२३० मीटरवर, उजवीकडे कोनांपलीकडे उभा असलेला एक बघ्या मोबाइल पुढे करून आत झुकला. पहिल्या रांगेतला उजवा माणूस त्याला टाळायला फूटभर डावीकडे आला. आपली ओळ सोडून तो डॉक्टरांच्या पुढ्यात आलाही नव्हता, नुसती फट अरुंद झाली. व्हिडिओत हे सगळं अर्ध्या सेकंदाचं आहे. त्या अर्ध्या सेकंदात डॉक्टरांना, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, सोमवारचा पेशंट दिसला. चेहरा नाही, वरच्या जबड्याचा एक्सरे. आणि त्यांनी पाय थांबवले.

ब्रेक लावला नाही. हात हलला नाही. नुसते पाय थांबवले आणि पाठ किंचित वर घेतली. त्यांना वाटलं, आपण सभ्यपणे बाजूला झालो.

मागे जो होता त्याच्या दृष्टीने हिशेब वेगळा आहे. पुढचं चाक आणि त्याचं चाक यात वीतभर, फार तर दीड वीत अंतर. तो वेग वाढवतोय. डॉक्टरांनी पाय थांबवल्यावर त्यांचा वेग हवेच्या रेट्याने कमी होतोय. एक जण चढतोय, दुसरा उतरतोय. ढोबळ गणित केलं तर एका सेकंदात त्यांच्यातलं ४० सेंटिमीटर अंतर खाल्लं जातं, म्हणजे होतं नव्हतं तेवढं सगळं. ताशी ५० च्या वेगाने सेकंदाला १४ मीटर जातात. माणसाने बघून प्रतिक्रिया द्यायला पाव सेकंद धरला तरी तो साडेतीन मीटर पुढे गेलेला असतो.

मागच्या पोराने उजवीकडे हिसका दिला. त्याच्या पेडलने एक कोन उडवला, तो मागे घरंगळत गेला, त्याच्या मागच्याचा पेडलला अडकवलेला बूट सुटला आणि चप्पल फरफटावी तसा डांबरावर घासत गेला. व्हिडिओत आवाज येतो, कर्र असा. कोणी पडलं नाही. का पडलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही; अशा जागी माणसं पडतात.

डॉक्टर बंचमध्ये चौदावे आले. पिवळ्या नंबरांत चौथे. तिसऱ्यापेक्षा चिपच्या वेळेत ०.३ सेकंद मागे.

रेषेच्या पुढे सगळे धापा टाकत उभे होते. कोन उडवलेलं पोरगं सायकल ढकलत डॉक्टरांकडे आलं. चोविसेक वर्षांचं असेल. शिवी देईल असं मला वाटलं. त्याने दिली नाही. नुसतं म्हणालं, "काका, मारायची नव्हती तर आत कशाला आलात?"

डॉक्टर "सॉरी" म्हणाले. पोरगं मान हलवून निघून गेलं. जाताना उसाच्या रसाच्या गाड्यापाशी त्याने डॉक्टरांच्याही ग्लासाचे पैसे दिले, हे आम्हाला नंतर रसवाल्याकडून कळलं.

मंगळवार संध्याकाळ

इम्प्लांटचं काम सोमवारी नीट झालं. मंगळवारी दवाखाना आटोपून डॉक्टर दुकानात आले, लॅपटॉप उघडून त्यांनी रेसची फाइल दाखवली. मी व्हिडिओ लावला. त्यांचा पहिला मुद्दा होता, "मी शब्द पाळला. शेवटी सोडलीच ना?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही सोडली ती २३० मीटरवर. सोडायची जागा तीन किलोमीटरला होती."

बंचमधून बाहेर पडणं हे काम आहे, आणि ते शिकावं लागतं. तीन किलोमीटर उरले असताना, वेग मंदावलेला असताना, वाऱ्याच्या बाजूला सरकायचं. ओळ सरळ ठेवायची, एक हात खाली करून हलकासा इशारा द्यायचा, पेडल फिरतच ठेवायचं, पण थोडं हलकं, आणि एकेकाला पुढे जाऊ द्यायचं. शेवटच्या माणसाच्या मागे दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून मग आरामात रेषेपर्यंत यायचं. इतकंच. पण यात एक गोष्ट फार जड जाते: सहाव्या जागेवर फुकट मिळालेली खुर्ची सोडून विसाव्या जागेवर जाणं. पाय ताजे वाटत असतात, पुढे फक्त पाच पाठी दिसत असतात. सकाळी घरी दिलेला शब्द त्या वेळी फार लांबचा वाटतो.

व्यावसायिक लोकांना इथे नियमाची मदत असते. अनेक टप्प्यांच्या शर्यतीत सपाट टप्प्याच्या साधारण शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये (अलीकडे काही टप्प्यांना पाच) कोणी पडलं किंवा पंक्चर झालं, तर त्याला तो ज्या बंचमध्ये होता त्याचीच वेळ देतात. म्हणून एकूण वेळेसाठी लढणारे मोठमोठे खेळाडू तीन किलोमीटरची पाटी ओलांडली की मागे सरकतात आणि स्प्रिंटरांना रस्ता मोकळा करून देतात. तिथे सोडणं हे रोजच्या कामाचा भाग आहे, त्यात कमीपणा नाही. आमच्या एक दिवसाच्या हौशी रेसला तो नियम लागू नाही, पण जागा मात्र तीच उसनी घ्यावी असं माझं मत. ३ किलोमीटर. तिथे ठरवा, पुढे बदलू नका.

आणि ज्यांचं पोटच यावर चालतं त्यांचंही काय होतं ते डॉक्टरांना ठाऊक होतं. ऑगस्ट २०२० मध्ये पोलंडच्या टूरचा पहिला टप्पा कातोवित्सेला उतारावर संपला, ताशी ८० च्या आसपास वेग, आणि डिलन ग्रूनेवेगन आपली ओळ सोडून कडेला सरकल्याने फाबिओ याकोबसन बॅरिकेडमध्ये फेकला गेला. ग्रूनेवेगनला नऊ महिन्यांची बंदी झाली. याकोबसन जगला, परत आला, २०२२ च्या टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा त्याने जिंकला, आणि लगेच दुसऱ्या दिवशीचा टप्पा ग्रूनेवेगनने. ही गोष्ट डॉक्टरांनीच मला सांगितली. मी म्हटलं, "त्यांना परत यायला सगळी टीम होती. तुम्हाला दोन मदतनीस मुली आहेत, आणि त्यांचा पगार तुम्ही देता."

ते हसले नाहीत.

आकडे

मग डॉक्टरांचा दुसरा मुद्दा आला, आणि तो जास्त खरा होता. "पण काका, मारली असती तर तिसरा आलो असतो का?"

यासाठी फाइल कामाची. त्यांचं वजन ७१ किलो, सायकल ८ किलो. तासभर टिकणारी ताकद २४५ वॉट. ताज्या पायांनी पाच सेकंद ८९० वॉट, अर्धा मिनिट ६०० च्या आसपास, एक मिनिट ४८०. म्हणजे झटका बेताचा, पण दम बरा.

ताशी ४४ वरून ५४ वर जायचं तर ७९ किलो वजनाला सुमारे ३००० जूल ऊर्जा द्यावी लागते. सात सेकंदांत द्यायची तर सव्वाचारशे वॉट नुसते वेग चढवायलाच गेले. त्यावर हवा आणि टायरचं घर्षण. ५४ चा वेग टिकवायला उघड्या वाऱ्यात एकट्याला साधारण ६५० वॉट लागतात, कोणाच्या तरी मागे आडोशात ४०० ला थोडे जास्त. म्हणजे आडोशात राहून वेग चढवणं डॉक्टरांना ताज्या पायांनी कसंबसं जमतं, उघड्यावर जमतच नाही. आणि ६५ किलोमीटर पळालेले पाय ताजे नसतात. त्यांच्याच जुन्या फाइलींत रेसच्या शेवटी पाच सेकंदांचा आकडा ८०० ला पोचलेला कधी दिसत नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरांशी झटक्याची बरोबरी करायला गेले तर ते हरणार, हे मंगळवारी दुकानात बसून कोणीही सांगू शकलं असतं.

पण त्यांची लढत त्या पोरांशी नव्हतीच की! पिवळे होते पाच. त्यातल्या एकाच्या पोटरीत गोळा आला होता, तो शेवटच्या रांगेत लटकत होता. उरले चार, बक्षिसं तीन. डॉक्टरांना हरवायचं होतं फक्त एका माणसाला. आणि ते मात्र पांढऱ्या नंबराच्या पोरांचं चाक धरून, कोनांच्या बाजूला कोंडून, जी रेस त्यांची नव्हती ती मारत होते.

तिसरे आलेले पिवळे गृहस्थ पन्नाशीचे आहेत. व्हिडिओत ते शोधायला आम्हाला वेळ लागला, कारण ते गर्दीत कुठेच नाहीत. डाव्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला, बंचपासून हातभर बाहेर, एकटे. बूड सीटवरून उचललेलंसुद्धा नाही. डोकं खाली, पेडल चालू. डॉक्टरांनी पाय थांबवले तेव्हा ते त्यांच्यापेक्षा चार मीटर मागे होते. ते काही जोरात आले नाहीत. त्यांनी फक्त थांबवलं नाही.

मी ढोबळ हिशेब केला. उघड्या वाऱ्यात ताशी ५० ने जायला डॉक्टरांच्या अंगकाठीला ५२० वॉटच्या आसपास लागतात, वारा आडवा असल्याने थोडे वरच. ४०० मीटर म्हणजे २९ सेकंद. अर्ध्या मिनिटाचा त्यांचा आकडा ६००. म्हणजे डावी कड त्यांना परवडत होती. आडोसा नाही, पण कोंडमाराही नाही. पुढे कोणाचं चाक नाही, आणि मनात आलं तर सोडून द्यायला एक पूर्ण बाजू मोकळी. माझ्या मते त्या दिवशी त्या रस्त्यावर डॉक्टरांसाठी हाच मार्ग होता: पिवळे मोजायचे, डावी कड धरायची, बूड न उचलता मारायची. घरी दिलेला शब्दही त्यात फारसा मोडत नाही, कारण शब्द पडण्याच्या भीतीपोटी दिला होता, पेडल मारण्याच्या नव्हे.

डॉक्टरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, वळणावर पहिलं असायला हवं होतं. तिथून ९०० मीटर एकट्याने, ४७ च्या वेगाने, म्हणजे ६९ सेकंद, ४४० वॉट. एक मिनिटाचा त्यांचा आकडा ४८०, तेव्हा कागदावर जमतं. मागचे साडेतीन मीटरमध्ये एकमेकांत अडकलेले, पुढे कोणी नाही, पडायला कारणच नाही. कल्पना वाईट नाही. मी एवढंच म्हटलं की वळणावर पहिलं असायला त्याआधी किलोमीटरभर पुढे राहून वारा खावा लागतो, मग ४८० चे ४२० होतात, आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये अख्खा बंच तुमच्या दोन्ही बाजूंनी ५५ ने जातो, तुम्ही ४० वर आलेले असता. ती जागाही फार सुखाची नसते. यावर आमचं एकमत आजही नाही.

एकमत झालं ते एवढ्यावर: पोराचा प्रश्न बरोबर होता. पहिल्या दोन-तीन रांगा मारणाऱ्यांच्या. ज्याला मारायची नाही त्याने तिथे असू नये, आणि जो तिथे आहे त्याने रेषेच्या पलीकडे जाईपर्यंत पाय थांबवू नयेत. हरला तरी चालेल. पंधरावा आला तरी पंधराव्यासारखं शेवटपर्यंत सरळ ओळीत मारत यावं. अर्धवट सोडलेली स्प्रिंट त्याला वाचवत नाही, मागच्याला पाडते.

आणि माझं 'बरं'. आता कोणी सकाळी "आज स्प्रिंट नाही" म्हणालं तर मी विचारतो, कुठे सोडणार, कोणत्या बाजूने, आणि फुकटात पुढे आलात तर काय? पोरं वैतागतात. वैतागू देत.

मार्च

पुढची रेस मार्चच्या शेवटी होती. दुसरं गाव, शेवट हलक्या चढावर, रस्ता पूर्ण बंद केलेला. डॉक्टरांनी स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या आडव्या दांड्यावर, पांढरी चिकटपट्टी लावून पेनने लिहिलं होतं: '३ किमी. पिवळे मोजा. डावी की मागे.' सोमवारी दवाखान्यात त्या वेळी विशेष काही नव्हतं, घरीही काही शब्द दिलेला नव्हता.

चार किलोमीटरवर त्यांनी मान वळवून मोजलं: पिवळे नऊ. पुढे दोन पिवळे आधीच निसटलेले. म्हणजे नऊ जणांत एक बक्षीस. तीन किलोमीटरच्या पाटीपाशी ते आठव्या जागेवर होते. मी या वेळी रेषेपाशी नव्हतो, मुद्दाम त्या पाटीपाशी उभा होतो. त्यांनी उजवा हात खाली केला, हलवला, आणि वाऱ्याच्या बाजूने सरळ ओळीत मागे गेले. सगळा बंच त्यांच्या अंगावरून गेला तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. नावडतं औषध घेणाऱ्या पोराचा असतो तसा.

स्प्रिंट स्वच्छ झाली. कोणी पडलं नाही, कोणी कोणाला घासलं नाही. पिवळ्यांतलं उरलेलं बक्षीस ज्याने घेतलं तो चढावर डॉक्टरांपेक्षा मंद आहे, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. चढावर गर्दी आपोआप फुटते, वेगही कमी असतो. त्या दिवशी मारायला हरकत नव्हती, असं आता मला वाटतं. तेव्हा नऊ हा आकडा ऐकून मीही सोडाच म्हटलं असतं.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "काका, नऊ जणांत एक हे बरोबर. पण त्यातले चढावर चालणारे किती, ते मी मोजलंच नाही."

एप्रिलच्या रेसची फी त्यांनी त्याच रात्री भरली. आदल्या संध्याकाळी मला मेसेज आला, बायको-मुलांबरोबर ते त्या गावात पोचले होते आणि शेवटचा रस्ता चालून आले होते. 'रुंदी माझ्या साडेआठ पावलांची. उजवीकडे गटार, झाकण नाही. डावी.'